अण्णांच्या चाली फुंकणारी माणसे जपा : खान्देशातील बँडमास्तरांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व बँडमालक आणि बँडमास्तर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेतून निवृत्त झालेली संगीत शिक्षिका आहे. माझे वडील तीस-बत्तीस वर्षे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत होते आणि त्यातली शेवटची काही वर्षे त्यांनी मास्तरकी केली. हे पत्र संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा, यांच्याविषयी आहे, आणि तेवढेच ते आपल्याविषयीही आहे. अण्णांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या गायिकांवर, त्यांच्या चित्रपटांवर, त्यांच्या भांडणांवर आणि दिलजमाईवर लिहिले गेले. परंतु ज्या माणसांनी त्यांच्या चाली पारोळ्यापासून शहाद्यापर्यंत गावोगावच्या वेशीत नेऊन पोहोचविल्या, त्या बँडवाल्यांचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. म्हणून आपल्यालाच लिहिते आहे.

गेल्या वैशाखात आमच्या नात्यातले एक लग्न होते. बँड चांगला होता, मुले मेहनती होती. सजविलेल्या गाडीवर कीबोर्ड, पॅड, बेंजो आणि मोठे कर्णे होते, पण संपूर्ण ताफ्यात फुंकून वाजविणारा एकही माणूस नव्हता. वरात मारुतीच्या पारापाशी थांबली तेव्हा एका वृद्ध पाहुण्यांनी 'अलबेला'तले 'शोला जो भडके' वाजवायची फर्माईश केली. बेंजोवरच्या मुलाने ते लगेच काढले, चालही अचूक वाजविली. परंतु गाण्याची ओळ संपून जिथे ट्रम्पेट उसळून येते, तिथे तो प्रत्येक वेळी हात थांबवून नुसता ताल मोजत उभा राहिला. तो भाग त्याला ठाऊकच नव्हता. त्याने गाणे ऐकले होते ते कुठल्या तरी नव्या, कापून लहान केलेल्या स्वरूपात. नंतर जेवणाच्या पंगतीजवळ त्याने मला अगदी आदराने विचारले, "बाई, हे गाणं कोणाचं?" त्या मुलाचा यात काहीही दोष नाही. त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच. सांगणारे कोण, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही, आणि त्याचे उत्तर मला आपल्याखेरीज दुसरे दिसत नाही.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म 12 जानेवारी 1918 रोजी पुणतांब्याचा. मनमाडहून दौंडकडे जाणारी गाडी धरली की वाटेत हे स्टेशन लागते, म्हणजे आपल्या खान्देशच्या उंबरठ्याबाहेरचेच गाव म्हणायचे. गंधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण, मग चित्रपटात नायक होण्याची धडपड, ती फसल्यावर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बुंदू खान आणि हबीब खान या संगीतकारांच्या हाताखाली हार्मोनियमची साथ, असा त्यांचा आरंभ होता. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी मराठीने दिली नाही, हिंदीनेही नाही. ती मिळाली 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटांत. हिंदीत 1942 सालच्या 'सुखी जीवन'मध्ये मास्टर भगवान यांच्यामुळे काम मिळाले, तेही राम चितळकर या नावाने. पुढे अण्णासाहेब, श्यामू, सी. रामचंद्र अशी नावे त्यांनी वापरली आणि गायक म्हणून केवळ 'चितळकर' हे नाव ठेवले. शंभराहून अधिक हिंदी चित्रपटांना त्यांनी संगीत दिले, आणि त्यांतला मोठा वाटा 1947 ते 1960 या तेरा-चौदा वर्षांत झालेला आहे. वर्षाला पाच-सहा चित्रपट, प्रत्येकात आठ-दहा गाणी, असा तो झपाटा होता.

या झपाट्याचा एक किस्सा सिनेमावाले नेहमी सांगतात. कोइमतूरच्या श्रीरामुलू नायडूंना 'आझाद'ची गाणी महिन्याभरात हवी होती. नौशादांनी इतक्या घाईत काम करायला नकार दिला आणि ते काम अण्णांकडे आले. त्यांनी ते वेळेत पुरे केले. 1955 साली 'आझाद' पडद्यावर आला तेव्हा त्यात बागेश्री रागातले 'राधा ना बोले' होते, लता आणि उषा या बहिणींचे 'अपलम चपलम' होते आणि 'कितना हसीं है मौसम' हे लताबाईंबरोबर स्वतः अण्णांनी गायिलेले द्वंद्वगीत होते, ज्यातला पुरुषी आवाज अनेकांना आजही तलत महमूदचा वाटतो. घाईत केलेल्या कामात सहसा जुन्याचीच उजळणी होते. इथे एकाच चित्रपटात तीन गाणी तीन दिशांची आहेत, आणि त्यांतल्या एकाही गाण्यावर घाईचे बोट उमटलेले नाही.

आता आपल्या धंद्याशी जोडलेली गोष्ट. अण्णांनी अमेरिकेतले जॅझ वादक बेनी गुडमन यांचे संगीत मन लावून ऐकले होते, आणि बेनी गुडमन हे क्लॅरिनेट वाजविणारे होते, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. 1947 सालच्या 'शहनाई'तल्या 'आना मेरी जान संडे के संडे' या गाण्यात अण्णांनी गिटार आणि माउथ ऑर्गनच्या जोडीला आल्टो सॅक्सोफोन आणला, शिट्टीसुद्धा वापरली. 1951 सालच्या 'अलबेला'तल्या 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन अशी फळीच उभी केली. 'अलबेला'च्या वेळी त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवादक होते, ज्यांचा बँड त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. म्हणजे या चाली बाजाच्या पेटीवर सुचल्या असतील, पण त्यांचे अंगण फुंकवाद्यांचे आहे. शास्त्रीय संगीताची मैफल किंवा भावगीताचा कार्यक्रम करणाऱ्यांना ही गाणी करताना ओढाताण करावी लागते. बँडला ती करावी लागत नाही, कारण ज्या वाद्यांसाठी ती रचना झाली तीच वाद्ये आपल्या खांद्यावर असतात. किंबहुना असत.

माझ्या लहानपणी रात्री उशिरा वडील सुपारीवरून, म्हणजे ठरलेल्या वरातीतून, परत येत, तेव्हा कितीही दमले असले तरी आधी क्लॅरिनेट उघडून पुसत. पाचही तुकडे वेगळे करायचे, आतून सुती चिंधी ओढून काढायची, बुचाच्या कडांना किंचित चरबी लावायची. रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून सूर देणारी पातळ पट्टी, मात्र ते डबीत घालण्याआधी काचेवर पालथी ठेवून डोळ्यांसमोर धरीत आणि दिव्याकडे पाहत. तिचे टोक कुठे जाड राहिले असेल तर दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेऊन तिथून केसाएवढे खरवडीत. नवी रीड महाग आणि मुंबईहून मागवावी लागे, म्हणून एकच रीड ते पूर्ण लग्नसराई चालवीत. सकाळी वाजवायच्या आधी ती तोंडात धरून बसत आणि त्या वेळी घरातल्या कोणाशी बोलत नसत. आम्ही भावंडांनी त्यांचा तो दहा मिनिटांचा मौनवेळ कधी मोडला नाही.

बँडमध्ये गाणे कसे बसविले जाते हे मी जवळून पाहिले आहे आणि आपल्याला ते माझ्याहून अधिक ठाऊक आहे. तरी आपल्याच मुलांना ते ठाऊक नसेल म्हणून लिहिते. गळ्याची ओळ क्लॅरिनेटने घ्यायची, मधल्या संगीताच्या जागा ट्रम्पेटने, खालचा सूर युफोनियम या मोठ्या पितळी वाद्याने धरून ठेवायचा आणि साइड ड्रमने ओळीच्या शेवटी घोळवून पुढच्या ओळीला हात द्यायचा. 'पतंगा' या 1949 सालच्या चित्रपटातले 'मेरे पिया गये रंगून' हे शमशाद बेगम आणि चितळकर यांचे टेलिफोनवरचे संभाषण आहे. वडिलांच्या बँडमध्ये त्याची दोन माणसे ठरलेली होती. शमशादबाईंचे बोलणे वडिलांच्या क्लॅरिनेटवर, आणि अण्णांचे उत्तर ट्रम्पेटवर. ट्रम्पेटवाले काका मुद्दाम वीस पावले पुढे जाऊन गल्लीच्या कोपऱ्यावर उभे राहत, म्हणजे आवाज खरोखर लांबून आल्यासारखा वाटे. लोक अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे पाहत. म्हाताऱ्या बायासुद्धा ओट्यावरून ओरडत, "मास्तर, आखो एकदाव!" आणि वरात पुन्हा थांबे.

हे सगळे खेड्यापाड्यांत घडत होते त्या काळाची एक बाजू लक्षात घ्यायला हवी. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. ज्यांच्याकडे रेडिओ होता ते रेडिओ सिलोन लावीत. पण रेडिओच मुळात गावात एखाद-दुसरा असे. 1957च्या ऑक्टोबरात विविधभारती सुरू होईपर्यंतची ही वर्षे म्हणजे नेमकी 'अनारकली', 'आझाद' आणि 'आशा'ची वर्षे. त्या काळात तापीकाठच्या एखाद्या गावी अण्णांची नवी चाल पोहोचायची ती तंबूतल्या टुरिंग टॉकीजमधून किंवा वरातीतून, आणि टॉकीज वर्षाकाठी जत्रेला येई, वराती मात्र लग्नसराईभर असत. वडील आणि त्यांचे दोन सोबती धुळ्याला जाऊन एकाच दिवशी एकाच चित्रपटाचे तीन खेळ बघत. पहिल्या खेळाला चाल, दुसऱ्याला मधले संगीत, तिसऱ्याला ठेका, अशी त्यांची वाटणी होती. परतीच्या गाडीत ते एकमेकांना बोटांनी मांडीवर वाजवून दाखवीत आणि घरी येईपर्यंत गाणे बसलेले असे.

अण्णांकडे उडत्या चालींचा संगीतकार म्हणून पाहण्याची सवय पुष्कळांना आहे आणि मला ती मान्य नाही. 'शोला जो भडके' ज्या 'अलबेला'त आहे, त्याच 1951च्या चित्रपटात पिलूच्या अंगाने जाणारी 'धीरे से आजा री अँखियन में' ही अंगाई आहे. दोनच वर्षांनी 'अनारकली'त 'ये जिंदगी उसी की है' आले, आणि हेमंतकुमार व लताबाईंचे 'जाग दर्द-ए-इश्क जाग' बागेश्रीत आले. विनायकबुवांकडचे शिक्षण आणि बेनी गुडमनच्या तबकड्या या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी एकाच घरात नांदत होत्या. पुढे काही वर्षे लताबाईंचा आवाज त्यांना मिळेनासा झाला, तेव्हा 1959 साली शांतारामबापूंच्या 'नवरंग'मध्ये त्यांनी आशाबाई आणि महेंद्र कपूर यांच्याकडून 'आधा है चंद्रमा' गाऊन घेतले. एका मोठ्या आवाजाविना संगीतकार अडत नाही, याचा त्याहून चांगला दाखला माझ्यापाशी नाही.

आणि नेमक्या या गाण्यांच्या बाबतीत फुंकवाद्याला पर्याय नाही, असे माझे शिक्षिका म्हणून ठाम मत आहे. बेंजो हे अवघड वाद्य आहे आणि खान्देशातले बेंजोवाले ते फार तयारीने वाजवितात, याचा मला अभिमान आहे. तरीही त्यावर कळ दाबली की स्वर तिथेच उमटतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे मींड, त्याच्या बांधणीतच नाही. कीबोर्डवर ती कृत्रिम रीतीने आणावी लागते. क्लॅरिनेटवर मात्र बोट भोकावरून हळूहळू सरकवून आणि ओठ सैल-घट्ट करून ती काढता येते. 'राधा ना बोले'मधली मींड वडील अशीच काढीत. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला त्यामुळे एक कायमचा गोल वळ पडला होता, आणि बँड सोडल्यानंतरही तो कितीतरी वर्षे गेला नाही.

एका गाण्याविषयी मात्र त्यांचा नियम होता. कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत चीनशी झालेल्या युद्धानंतर 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी प्रथम गायिले, आणि ती चाल अण्णांची. ते कोणत्याही चित्रपटातले गाणे नाही. वरातीत कोणी कितीही पैसे ओवाळून त्याची फर्माईश केली तरी वडील हात जोडीत आणि दुसरे गाणे सुरू करीत. ते फक्त 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर वाजे, झेंडावंदन झाल्यानंतर, ढोल बाजूला ठेवून, नुसत्या क्लॅरिनेट आणि युफोनियमवर. आजही अनेक बँड हा नियम पाळतात, हे मी पाहिले आहे आणि त्याबद्दल आपले मनापासून आभार मानते.

1960नंतर अण्णांचे चित्रपट कमी होत गेले. रसिकांची आवड पालटली होती आणि नवे संगीतकार पुढे आले होते. त्यांनी त्याआधी स्वतःची चित्रपटसंस्था काढून 'झांझर', 'लहरें' आणि 'दुनिया गोल है' हे चित्रपटही केले होते. मराठीत 'घरकुल'मध्ये गदिमांचे 'पप्पा सांगा कुणाचे' आणि सुरेश भटांचे 'मलमली तारुण्य माझे' ही गाणी त्यांनी दिली, आणि त्यांतले पहिले तर आजही आपल्याकडे मुलांच्या वाढदिवसाला वाजते. 5 जानेवारी 1982 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या आठवड्यात आमच्याकडे एक लग्न होते. वडिलांनी त्या वरातीत दुसऱ्या कोणाचेही गाणे घेतले नाही. मालकांनी अडविले नाही, आणि वरपक्षाला ते कळलेही नाही.

आता माझे मागणे. फुंकवाले का गेले हे मी जाणून आहे, आणि आपल्याला दोष देण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. ओठ तयार व्हायला तीन-चार वर्षे लागतात, लग्नसराई वर्षातून काही महिनेच असते, उरलेल्या दिवसांत त्या माणसाने पोट कसे भरायचे याचे उत्तर कोणाजवळ नाही. एक बेंजो आणि दोन कर्णे असले की दहा माणसांचा आवाज निघतो, आणि सुपारी ठरविताना समोरचा माणूस आवाजच मोजतो. हे सारे खरे आहे. तरीही जमेल तिथे, ताफ्यात निदान एक क्लॅरिनेट आणि एक ट्रम्पेट ठेवावे, आणि कर्ण्यांचा आवाज त्या दोघांपुरता पाच मिनिटे खाली घ्यावा. वरातीत नाही जमले तर कानबाईच्या मिरवणुकीत, रथोत्सवात, सकाळच्या शांत वेळी तरी. ज्यांची लग्ने आहेत त्यांनाही मी हेच सांगणार आहे, की सुपारी देताना फुंकवाले किती, हे विचारा आणि त्यांचे वेगळे पैसे द्या.

दुसरे मागणे अधिक तातडीचे आहे. जुने क्लॅरिनेटवाले आणि ट्रम्पेटवाले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. या वाद्यांना बोटे आणि दम जसा लागतो तसेच पुढचे दातही लागतात, आणि दात पडले की वादक संपतो, मग स्मरणशक्ती कितीही शाबूत असो. आपापल्या गावातल्या अशा माणसांकडे जाऊन, आपल्या मोबाइलवरच का होईना, अण्णांची त्यांना येत असलेली गाणी मधल्या संगीतासह ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. वाजविता येत नसेल तर त्यांनी तोंडाने म्हणून दाखवावीत. त्यांच्याजवळच्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. जळगावचे विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाने उभे आहे आणि जळगावात आकाशवाणीचे केंद्र आहे. या दोन्ही ठिकाणी मी स्वतः अर्ज घेऊन जाईन, पण रिकाम्या हाताने गेले तर तिथे मला काही मागता येणार नाही. येत्या 12 जानेवारीला ज्यांना शक्य असेल त्या सर्व फुंकवाल्यांनी अमळनेरला एकत्र यावे, जेवणाची व्यवस्था मी करीन आणि वरणबट्टीच असेल.

सुरुवात माझ्यापासून करते. वडिलांना लिहिणे फारसे येत नव्हते, म्हणून ते क्लॅरिनेटवर एकेक ओळ वाजवीत आणि मी शाळेच्या वहीत सा रे ग म लिहून घेत असे. अशा तीन वह्या माझ्याकडे आहेत, त्यांत अण्णांची एकेचाळीस गाणी आहेत आणि त्यांच्या छायाप्रती मी मागेल त्या बँडला विनामूल्य देईन. एकच अडचण आहे. 'राधा ना बोले'च्या पानावर शेवटच्या अंतऱ्याआधी मी चार ओळींची जागा कोरी सोडलेली आहे आणि वर 'ट्रम्पेट – काकांना विचारणे' असे लिहिले आहे. त्या चार ओळी बँडसाठी काकांनी स्वतः बसविल्या होत्या, तबकडीवर त्या तशा नाहीत. विचारायचे राहून गेले आणि काका गेले. ते मूळचे चोपड्याकडचे, आणि आमच्या बँडआधी त्या भागातल्या दोन-तीन बँडांत वाजवून आलेले होते. त्यांच्याबरोबर वाजविलेला कोणी आपल्यापैकी कोणाच्या ताफ्यात असेल, किंवा घरी बसलेला असेल, तर त्याला त्या चार ओळी आठवतात का, एवढे कृपया विचारून मला कळवावे.

आपली नम्र,
बँडमधल्या एका क्लॅरिनेटवाल्याची मुलगी,
अमळनेर